घरगुती संगीतसंग्रहातील हरवलेले अल्बम व रिकाम्या गीतयाद्या : काशीमीरा येथील एका संग्रहाच्या आधारे विवेचन

सारांश

संगणकावर जतन केलेल्या घरगुती संगीतसंग्रहातील अल्बम अचानक दिसेनासे होणे, तसेच परिश्रमपूर्वक तयार केलेल्या गीतयाद्या रिकाम्या होणे, हा अनेकांचा अनुभव आहे. अशा वेळी संगीत नष्ट झाले अशी समजूत होते. प्रत्यक्षात बहुतेक प्रसंगी संगीत जागेवरच असते. तुटलेला असतो तो संगीत व त्याची नोंद यांतील दुवा. प्रस्तुत लेखात हा दुवा कोणकोणत्या ठिकाणी तुटतो, मराठी संगीत व देवनागरी लिपी यांमुळे कोणत्या विशेष अडचणी उद्भवतात आणि तपासणी कोणत्या क्रमाने करावी, याचा विचार केला आहे.

कळीचे शब्द : संगीतसंग्रह, नोंदवही, फाइलमार्ग, टॅग, गीतयादी, युनिकोड.

१. प्रास्ताविक

पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जेथे मिळतात, त्या काशीमीरा परिसरात मुंबईतील चाळी सोडून आलेली अनेक कुटुंबे राहतात. प्रस्तुत लेखकाचे कुटुंब त्यांपैकीच एक. गिरगावातील खोलीतून येथे येताना वडिलांच्या सुमारे दोनशे ध्वनिफिती ठेवण्यास जागा नव्हती. मात्र त्यांतील संगीत त्यांनी २००९ ते २०११ या काळात स्वतःच संगणकावर उतरवून एका बाह्य हार्ड डिस्कवर साठविले होते. शेवटच्या वर्षात त्यांनी ‘रविवार सकाळ’ नावाची एक गीतयादी तयार केली. तीत ६७ नोंदी होत्या आणि त्यांचा क्रम त्यांचा स्वतःचा होता. गाणी बाजारात पुन्हा मिळू शकतात. तो क्रम मात्र अन्यत्र कोठेही नव्हता.

वडिलांच्या निधनानंतर नवा संगणक घेतला, हार्ड डिस्क त्यास जोडली आणि संगीतप्रणाली उघडली, तेव्हा कोणतेही गाणे वाजेना. पडद्यावर ‘मूळ फाइल सापडत नाही’ एवढीच सूचना येत होती. प्रस्तुत लेखकाने सर्व ‘हरवलेल्या’ नोंदी काढून टाकल्या आणि संपूर्ण फोल्डर नव्याने जोडले. गाणी वाजू लागली. परंतु अल्बम विस्कटले आणि ‘रविवार सकाळ’ या नावापुढे शून्य हा आकडा उमटला. पुढील विवेचन या चुकीच्या उलगड्यातून सिद्ध झाले आहे.

२. संग्रह, नोंदवही आणि यादी

ग्रंथालयाचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. फडताळातील ग्रंथ, ग्रंथाची नोंद असलेले तालिकापत्र आणि एखाद्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांसाठी केलेली वाचनयादी या तीन भिन्न गोष्टी आहेत. ग्रंथ दुसऱ्या फडताळात ठेवला आणि तालिकापत्र बदलले नाही, तर ग्रंथ इमारतीत असूनही वाचकाच्या दृष्टीने तो हरवलेलाच असतो.

संगीतप्रणालीतही असेच तीन थर असतात. पहिला थर डिस्कवरील ध्वनिफायलींचा. दुसरा थर प्रणालीने स्वतःपुरत्या ठेवलेल्या नोंदवहीचा. तीत प्रत्येक फाइलचा मार्ग, गीताचे नाव, कलाकार, अल्बम इत्यादी तपशील असतो. तिसरा थर गीतयाद्यांचा. २००१ साली आलेल्या आयट्यून्सपासून आजच्या प्लेक्स वा जेलीफिन या प्रणालींपर्यंत तपशील बदलले, तरी ही रचना मुख्यतः कायम राहिली आहे.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्रणालीच्या आत केलेली गीतयादी सामान्यतः फाइलशी थेट जोडलेली नसते. ती नोंदवहीतील नोंदीच्या क्रमांकाशी जोडलेली असते. नोंद काढली की ती यादीतूनही जाते. तीच फाइल पुन्हा जोडली तरी तिला नवा क्रमांक मिळतो आणि जुन्या यादीस त्या क्रमांकाची ओळख नसते. उपरोक्त प्रसंगी यादी रिकामी झाली ती संगणक बदलल्यामुळे नव्हे, तर दुरुस्तीच्या घाईमुळे.

३. मार्ग तुटण्याची कारणे

विंडोज प्रणाली बाह्य डिस्कला एक अक्षर देते. जुन्या संगणकावर ‘एफ’ असलेली डिस्क नव्यावर ‘जी’ होऊ शकते. नोंदवहीत ‘एफ’पासून सुरू होणारे हजारो मार्ग असतील, तर ते सर्व एकाच वेळी निरर्थक ठरतात. उपाय मात्र सोपा आहे. विंडोजमधील डिस्क व्यवस्थापनाच्या खिडकीतून डिस्कला पूर्वीचे अक्षर परत दिले की मार्ग पुन्हा जुळतात.

घरातील सर्व उपकरणांना संगीत पुरविणाऱ्या प्रणालींमध्ये धोका अधिक आहे. डिस्क बंद असताना प्रणालीने संग्रहाची फेरतपासणी केली, तर तिला फायली दिसत नाहीत. फेरतपासणीनंतर कचरापेटी आपोआप रिकामी करण्याची सोय प्लेक्समध्ये आहे. ती चालू असल्यास वायर निखळल्याचे पर्यवसान नोंदी पुसल्या जाण्यात होऊ शकते. संग्रह बाह्य डिस्कवर असेल तर ही सोय बंद ठेवणेच श्रेयस्कर.

काही वेळा फायली नव्या जागी पोहोचलेल्याच नसतात. घरगुती नेटवर्क-साठवण उपकरणे बहुधा लिनक्सवर चालतात व तेथे फाइलच्या नावास साधारणतः २५५ बाइटांची मर्यादा असते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे मात्रा व हलन्तचिन्हे धरून ८५ चिन्हांतच नाव संपले पाहिजे. गीत, गायक, गीतकार, संगीतकार आणि नाटक हा सारा तपशील फाइलच्या नावातच लिहिण्याची सवय असलेल्यांच्या काही फायली नक्कल करताना यामुळे मागे राहतात.

४. अल्बम विस्कटण्याची कारणे

फाइल जागेवर असूनही अल्बम दिसत नसेल, तर कारण टॅगमध्ये शोधावे. टॅग म्हणजे ध्वनिफाइलच्या आतच लिहिलेला तपशील. एमपी-३ फायलींसाठी १९९६ साली रूढ झालेल्या आयडी-३ टॅगच्या पहिल्या आवृत्तीत एकूण १२८ बाइटांची जागा होती. गीत, कलाकार व अल्बम यांस प्रत्येकी ३० अक्षरे मिळत. एखाद्या संचाचे नाव लांब असून त्याच्या अखेरीस ‘भाग १’ व ‘भाग २’ असे असेल, तर शेवटचा भाग कापला जाई आणि दोन संच एक होत. संगीतप्रकारासाठी मूळ ८० प्रकारांची ठरावीक सूची होती. तीत नाट्यसंगीत, भावगीत, अभंग वा लावणी यांपैकी एकही प्रकार नव्हता. पुढे आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने या मर्यादा दूर केल्या. परंतु जुन्या संग्रहांत त्यांच्या खुणा राहिल्या.

मराठी संगीतात दोन अडचणी वारंवार आढळतात. पहिली अडचण एका अल्बमचे अनेक तुकडे होण्याची. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’तील ५६ गीते पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झाली. मूळ प्रसारणात फडके यांच्यासह माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे अनेक गायक होते. फडके यांच्या एकट्याच्या आवाजातील संच हा त्यानंतरचा. अनेक प्रणाली अल्बमचे नाव व कलाकार या दोहोंवरून अल्बम ठरवितात. त्यामुळे अनेक गायकांचा संच जितके गायक तितक्या तुकड्यांत विभागला जातो. यावर उपाय म्हणजे ‘अल्बमचा कलाकार’ हा स्वतंत्र रकाना सर्व गीतांसाठी एकसारखा भरणे. ‘कलाकार’ या रकान्यात मात्र त्या त्या गीताचा गायक तसाच ठेवावा.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ चे व त्याच नावाचा चित्रपट २०१५ चा. ‘अल्बमचा कलाकार’ हा रकाना दोन्हींत रिकामा असेल, तर काही प्रणाली हे दोन्ही संच एकत्र करतात आणि त्यांतील एक ‘हरवतो’. अल्बमच्या नावातच वर्ष लिहिल्यास हा घोटाळा टळतो.

ध्वनिफितींवरून उतरविलेल्या संगीतात टॅग मुळातच नसतात. सीडी संगणकात घातली असता तिच्यावरील गीतांची मांडणी व लांबी यांवरून आंतरजालावरील सूचीतून तिची ओळख पटते. ध्वनिफितीस अशी ओळख नसते. तिची एक बाजू म्हणजे तीस मिनिटांची एकच निनावी फाइल. अशा फायली ‘अज्ञात अल्बम’ या एकाच शीर्षकाखाली जमा होतात आणि मालकास त्या हरवल्या असे वाटते. तेथे तपशील हाताने भरण्यास पर्याय नाही.

५. देवनागरीचा प्रश्न

संगणकाच्या दृष्टीने ‘जितेंद्र’ व ‘जितेन्द्र’ हे दोन वेगळे कलाकार आहेत, ‘पं.’ ही उपाधी जोडली की तिसरा कलाकार निर्माण होतो. ही भिन्नता निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी भिन्नता अधिक त्रासदायक असते.

युनिकोडमध्ये ‘वाऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह व हलन्तचिन्ह येते. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि त्यानंतर पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह येते. दोन्हींचे रूप एकच, पण संगणकाच्या लेखी अक्षरमालिका भिन्न. शिवाय ‘ऱ’ हे चिन्ह ‘र’ आणि नुक्ता असे विघटित करूनही साठविता येते; ॲपल संगणकांवरील पूर्वीची एचएफएस-प्लस ही फाइलव्यवस्था नावे अशाच विघटित रूपात ठेवीत असे.

प्रस्तुत लेखकास याचा प्रत्यय आला. सुदैवाने जुना संगणक टाकून दिलेला नव्हता व त्यात मूळ नोंदवही शाबूत होती. ती नव्या संगणकावर आणली, डिस्कला जुने अक्षर दिले आणि ‘रविवार सकाळ’मधील ६७ पैकी ६४ नोंदी जिवंत झाल्या. उरलेल्या तीन ‘वाऱ्यावरची वरात’च्या ध्वनिमुद्रणाच्या होत्या. यादी मजकूर-फाइल म्हणून बाहेर काढून तीमधील नाव डिस्कवरील नावाशी ताडून पाहिले. दोन्ही अक्षरशः सारखी दिसत होती. नंतर आठवले की, नीटनेटकेपणाच्या हौसेने त्या फायलींची नावे आपणच मधल्या काळात पुन्हा टंकलिखित केली होती. वडिलांचा कळफलक एक रूप देत होता, आपला दुसरे. यादीतील नाव उचलून जसेच्या तसे फाइलला दिले आणि संख्या ६७ झाली.

६. तपासणीचा क्रम

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचविता येईल.

१) प्रथम काहीही पुसू नये, फेरतपासणी करू नये. नोंदवहीच्या फाइलची व शक्य असल्यास सर्व गीतयाद्यांची नक्कल स्वतंत्र ठिकाणी ठेवावी.

२) पडद्यावरील शोधचौकटीत जुना शब्द राहिलेला नाही ना, किंवा ठरावीक गीतेच दाखविण्याची निवड चालू नाही ना, हे पाहावे. पुष्कळदा प्रश्न येथेच सुटतो.

३) संगीतप्रणाली बंद करून फायली डिस्कवर आहेत का, त्यांची संख्या व एकूण आकार पूर्वीइतकाच आहे का, याची खात्री करावी.

४) फायली असल्यास एका गीताची नोंद घेऊन तीमधील मार्ग व प्रत्यक्ष मार्ग ताडून पाहावा. सर्वच गीते अडली असतील तर डिस्कचे अक्षर वा फोल्डरचे नाव बदललेले असते. मोजकीच अडली असतील तर फायलींच्या नावांकडे वळावे.

५) मार्ग जुळूनही अल्बम दिसत नसेल तर टॅग तपासावेत. केवळ काही फायली कधीच आत येत नसतील तर त्यांचे स्वरूप पाहावे. उदाहरणार्थ, आयट्यून्स फ्लॅक स्वरूपातील फायली संग्रहात घेत नाही.

६) यादी नियमांवर आधारित असेल तर तिचा नियम वाचावा. ‘प्रकार : नाट्यसंगीत’ असा नियम असताना टॅगमध्ये ‘नाट्यगीत’ असे केले, तर यादी रिकामी होते, येथे बिघाड काहीच नसतो.

७) एम-थ्री-यू प्रकारची यादी ही साधी मजकूर-फाइल असते व तीत प्रत्येक ओळीवर एक मार्ग असतो. मजकूर-संपादकात जुन्या मार्गाच्या जागी नवा मार्ग घालून ती दुरुस्त करता येते. देवनागरी नावांसाठी तिचे यूटीएफ-८ रूप वापरावे.

७. निष्कर्ष

घरगुती संगीतसंग्रहाच्या बाबतीत आपण फायलींची प्रत ठेवतो, परंतु नोंदवहीची व याद्यांची प्रत ठेवत नाही. फाइल म्हणजे गाणे. यादी म्हणजे ते कोणी, कोणत्या गाण्यानंतर ऐकले याची साक्ष. पहिली गोष्ट पुन्हा मिळविता येते, दुसरी बहुधा येत नाही. म्हणून तपशील फाइलच्या आत टॅगरूपाने लिहावा, संग्रहाचे फोल्डर वारंवार हलवू नये आणि याद्या अधूनमधून मजकूर-फाइलच्या स्वरूपात बाहेर काढून ठेवाव्यात. प्रस्तुत लेखकाने ‘रविवार सकाळ’ कागदावरही छापून घेतली आहे. दोन पाने होतात. डिस्क बदलली, प्रणाली बदलली, तरी त्या दोन पानांवरून ती यादी पुन्हा उभी करता येईल.