फराळाचे पहिले दहा ग्राहक येतात कुठून?

गणपती गेले की डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत आणि नाशिकपासून पणजीपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच साच्यातले संदेश फिरू लागतात. ‘घरगुती भाजणीची चकली, बेसन लाडू, चिवडा मिळेल. ऑर्डरप्रमाणे करून देऊ.’ सोबत ताटाचा फोटो आणि जोडलेले हात. तासाभरात दहा-बारा जण अंगठ्याचे चिन्ह टाकतात, दोघी-तिघी ‘खूप छान, ताई’ असे लिहितात आणि ऑर्डर एकही येत नाही. मराठीत अंगठा दाखवण्याचा जो जुना अर्थ आहे, तो इथे तंतोतंत लागू पडतो.

घरगुती खाद्यपदार्थांच्या व्यवसायाला बाकीच्या गोष्टी फारशा नडत नाहीत. स्वयंपाकघर असते, हात बसलेला असतो, कढई आणि सोऱ्या माळ्यावर असतात. नसतो तो ग्राहक. आणि तो नाही म्हणून अनेक जणी पहिल्याच हंगामात दोन चुका करतात. एक तर भाव पाडतात, नाही तर येईल ती ऑर्डर घेतात.

कौतुक करणारे आणि पैसे देणारे

‘तुझ्या हाताला चव आहे, तू विकायला सुरुवात कर,’ असे म्हणणारे नातेवाईक हे ग्राहक नसतात. त्यांनी आजवर तो लाडू फुकट खाल्लेला असतो आणि पुढेही फुकटच मिळावा, अशी त्यांची प्रामाणिक अपेक्षा असते. पैसे मोजून घेतो आणि संपल्यावर पुन्हा विचारतो, तो ग्राहक. असा माणूस बहुतेक वेळा सख्ख्या नात्यात सापडत नाही. तो एक पायरी पलीकडे असतो. नणंदेच्या ऑफिसमधली मैत्रीण, मुलाच्या शाळेच्या बसथांब्यावर भेटणारी आई, तिसऱ्या मजल्यावरचे दोघेच राहणारे आजी-आजोबा, ज्यांचा मुलगा अमेरिकेत आहे आणि ज्यांना दरवर्षी फराळाचे खोके पाठवायचे असते असे कुटुंब.

म्हणून ग्रुपवर संदेश टाकण्याआधी वीस नावांची यादी करावी आणि एकेकाला स्वतंत्र विचारावे. ग्रुपवरच्या संदेशाला उत्तर देण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. नाव घेऊन विचारले की माणूस हो किंवा नाही काहीतरी सांगतो. विचारायचा प्रश्नही ‘घेशील का?’ हा नसावा. ‘गेल्या दिवाळीत फराळ कुठून आणला? किती आणला? काय आवडले नाही?’ असे विचारले तर खरी माहिती मिळते. कोणी सांगते, चकली दोन दिवसांत मऊ पडली. कोणी सांगते, लाडवात साखर फार होती, घरात मधुमेहाचे दोघे आहेत. कोणाला किलोभर नको असते, पाव-पाव किलोचे पाच प्रकार हवे असतात. वीस जणांशी असे बोलून झाले की काय करायचे आणि किती, हे निम्मे ठरलेले असते. त्यातले चार-पाच जण तिथल्या तिथे ऑर्डरही देतात.

या धंद्याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ती भुलेश्वरमधल्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला विकली गेली. हाच पुढचा ‘लिज्जत पापड’. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा हा सगळा इतिहास पुन्हा चर्चेत आला. त्यात सहसा वगळला जाणारा एक भाग असा : सुरुवातीला त्यांनी स्वस्तातला, थोडा हलका पापडही काढला होता. मार्गदर्शक छगनलाल पारेख यांचा सल्ला एकच दर्जा ठेवण्याचा होता आणि बायकांनी तो मानला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने कामच बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी खाट आणि स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि काम पावसातही चालू राहिले.

किलोमागे उरते काय?

पहिल्या ग्राहकाला भाव सांगताना बहुतेकींची जीभ अडखळते. शेजारच्या दुकानात जो दर आहे त्याच्यापेक्षा वीस-तीस रुपये कमी सांगितले जातात. ‘आपल्यातल्याच आहात’ म्हणून आणखी थोडे कमी होतात. हिशेब कागदावर मांडला की गोम कळते.

समजा, एक किलो चकलीला भाजणीचे धान्य आणि दळण मिळून ९० रुपये, तेल ८०, तीळ-तिखट-मसाला २०, गॅस २०, पिशवी आणि लेबल १५, पोचवण्याचा रिक्षाखर्च २५ असे लागले. एकूण २५० रुपये. विक्री ३५० ला. हातात १०० रुपये राहिले, असे वाटते. पण किलोभर चकली मळून, पाडून, तळून, भरायला दोन तास गेले असतील तर मजुरी तासाला ५० रुपये पडली. त्यातही दहा किलोंमधली एक किलो तुटलेली आणि नमुन्यांत गेलेली धरली की हीच मजुरी तासाला ३५ रुपयांच्याही आत येते. आकडे प्रत्येक घरी वेगळे असतील. रीत हीच ठेवावी : सामान, इंधन, पिशवी, वाहतूक, नासाडी आणि स्वतःचा तास. शेवटची ओळ बहुतेक घरांत लिहिलीच जात नाही, कारण घरातल्या बाईच्या वेळेची किंमत लावायची आपल्याकडे पद्धत नाही.

पहिल्यांदा स्वस्त देऊ, मग वाढवू, हा बेतही फारसा टिकत नाही. पहिले दहा ग्राहक ज्या भावाला आले त्याच भावाची बातमी ते पुढच्या दहांना देतात. सवलत द्यायचीच असेल तर भाव पूर्ण सांगून पहिल्या खेपेला वर पाव किलो शंकरपाळी द्यावी. भाव तोच राहतो आणि शंकरपाळीची जाहिरात होते.

मोदकाची सकाळ

ऑर्डर जास्त येणे हेही संकट असू शकते. गणेश चतुर्थीच्या उकडीच्या मोदकांइतके याचे स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. चकली चार दिवस आधी करून ठेवता येते, उकडीचा मोदक नाही. तो त्याच सकाळी, नैवेद्याच्या आधी, शक्यतो गरम पोचला पाहिजे.

समजा, एका हाताने तासाला २५ मोदक वळून होतात. पहाटे चारला बसून दहापर्यंत १५० होतील. प्रत्येकाला २१ हवे असतात, म्हणजे सात ग्राहक झाले आणि तीन मोदक घरच्या गणपतीला उरले. आठवी ऑर्डर घेतली की कोणाच्या तरी घरी आरती खोळंबते. नैवेद्याच्या वेळेला मोदक न पोचलेले घर पुढच्या वर्षी तर येत नाहीच, पण ही गोष्ट इमारतभर सांगितली जाते. सातांवर ‘यंदा ऑर्डर पूर्ण झाल्या’ असे सांगणाऱ्या बाईकडे पुढच्या वर्षी लोक आठवडाभर आधी फोन करतात. सारण आदल्या दिवशी करून ठेवणे, उकड काढायला आणि वळायला दुसरा हात घेणे, पोचवण्याचे काम मुलाकडे किंवा नवऱ्याकडे देणे, एवढे जमले तरच आकडा वाढवावा.

निम्मी रक्कम आगाऊ घेण्याची सवयही इथूनच लावावी. संकोच वाटतो, पण केटरर आगाऊ घेतो, मंडपवाला घेतो, त्यांना कोणी नावे ठेवत नाही. आगाऊ रकमेतूनच सामान आले तर घरखर्चाच्या पैशांना हात लागत नाही.

ओळखीबाहेरचा ग्राहक हवा झाला की दोन वाटा दिसतात. किराणा दुकानदार माल ठेवून घेतो, पण बहुधा ‘विकल्यावर पैसे’ या बोलीवर. उरलेली पाकिटे परत येतात आणि तोवर त्यांची मुदत संपत आलेली असते. आधी सहा पाकिटे ठेवावीत, ती खपल्यावरच पुढची द्यावीत. दुसरी वाट प्रदर्शनांची. बचत गटांसाठी ‘उमेद’ अभियानाचे महालक्ष्मी सरस प्रदर्शन मुंबईत भरते. खासगी प्रदर्शनांत स्टॉलचे भाडे मोठे असू शकते. भाडे भागवायला किती किलो विकावे लागेल हे काढूनच पैसे भरावेत. स्टॉलवर चव दाखवायला सढळ हात लागतो आणि तिथे सर्वांत मोलाची गोष्ट गल्ल्यात पडत नाही, ती म्हणजे वहीत उतरवलेले फोन नंबर.

फोन कामाला लावताना

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप मोफत मिळते आणि त्यात पदार्थांची यादी फोटो-भावासह लावता येते. ब्रॉडकास्ट यादीची एक मेख मात्र अनेकांना माहीत नसते. ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे, त्यांनाच हा संदेश पोचतो. म्हणून डबा देतानाच ‘माझा नंबर सेव्ह कराल का, पुढचे कळवत जाईन’ असे सांगावे. गुगलवर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. घरून काम असेल तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवण्याची सोय त्यात आहे.

अनोळखी ग्राहक आले की त्यांच्यात भामटेही येतात. ठरावीक प्रकार असा : फोन येतो, समोरचा स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवतो, भावाची घासाघीस न करता पन्नास डब्यांची ऑर्डर देतो आणि आगाऊ रक्कम पाठवण्यासाठी क्यूआर कोड धाडतो. ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. दुसरा प्रकार पैसे पाठवल्याच्या बनावट स्क्रीनशॉटचा. समोरच्याचा स्क्रीनशॉट पाहून माल देऊ नये, आपल्या खात्यात रक्कम दिसते का ते पाहावे. फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

कागदपत्रे : कोणती आधी, कोणती नंतर

खाद्यपदार्थ विकायचा असेल तर घरगुती असला तरी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. २०११ च्या नियमांनी लहान विक्रेत्यांसाठी, म्हणजे वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी, परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली आणि तिची फी वर्षाला १०० रुपये केली. फी आणि मर्यादा बदलू शकतात, म्हणून अर्जाच्या दिवशीचे आकडे ‘फॉस्कॉस’ या सरकारी संकेतस्थळावरच पाहावेत. याच कामासाठी हजारो रुपये मागणारे एजंट गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी अर्ज स्वतः उघडून पाहावा. नोंदणीनंतर मिळणारा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. सोबत घटक पदार्थ, वजन, बनवल्याची तारीख, किती दिवसांत खावे, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि नाव-पत्ता.

१ जुलै २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी आधार क्रमांकावर, घरबसल्या आणि विनामूल्य होते. बँकेत जायची वेळ आली की ती कामाला येते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. सेवेसाठी ही मर्यादा २० लाख आहे. फराळ कुरिअरने परराज्यात पाठवायचा असेल तर मात्र आधी कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. ते मिळते म्हणून पहिल्याच महिन्यात घेऊ नये. दहा ग्राहक पुन्हा आले आणि हाताने चकली पाडणे पुरेना झाले, तर यंत्रासाठी घेतलेल्या कर्जाला अर्थ आहे. ग्राहकाआधी आलेले यंत्र माळ्यावर जाते आणि हप्ता खाली राहतो.

दिवाळीनंतरचा आठवडा

तुळशीच्या लग्नापर्यंत फराळाचे डबे रिकामे झालेले असतात आणि बहुतेक नव्या विक्रेत्या तेव्हा दमून बसलेल्या असतात. फोन करायचा तो याच आठवड्यात. कोणाची चकली मऊ पडली, कोणाचा चिवडा आधी संपला, कोणी तो दुसऱ्या कोणाला दिला, हे तेव्हाच आठवणीत ताजे असते. वहीत प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : काय घेतले, काय बोलले, पुन्हा घेतले का. दहांतल्या तिघांनीही पुन्हा विचारले नाही तर संदेश वाढवून उपयोग नाही, पदार्थ किंवा भाव यांत काहीतरी चुकते आहे.

ज्यांनी पुन्हा विचारले, त्यांच्यासाठी मराठी वर्षच पुढची ऑर्डर घेऊन येते. संक्रांतीला तिळाचे लाडू आणि गुळाच्या पोळ्या, होळीला पुरणपोळ्या, एप्रिल-मेमध्ये कुरडया, पापड, वर्षाचा मसाला आणि लोणची. गुळाच्या पोळ्यांची विचारणा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करावी. संक्रांतीच्या चार दिवस आधी विचारले तर त्या कुठून तरी आधीच सांगून झालेल्या असतात.