तेरा किलोची पेटी

रीफर कंटेनर गोदामाच्या धक्क्याला लागला, की आम्ही आधी प्रवासातल्या तापमानाची नोंद बघतो आणि मगच दार उघडतो. केळीला साडेतेरा अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. त्याखाली फार वेळ गेला तर सालीवर करडी झाक येते आणि कितीही पिकवली तरी पिवळा रंग चढत नाही. नोंद बरी असली की एक पेटी फोडायची, फणीतलं मधलं केळं आडवं कापायचं. गर पांढरा, कडक आणि चीक ओघळणारा निघाला की माल पिकवणीच्या खोलीत जातो. तिथं सोळा-अठरा अंशांवर दिवसभर इथिलीन, मग हवा खेळती. चार-पाच दिवसांत माल इथल्या, सौदीतल्या दम्मामच्या भाजी बाजारात जातो आणि फिलिपिन्स, इक्वेडोरच्या पेट्यांशेजारी उभा राहतो. आपली पेटी १३ किलोची.

मी मूळचा करमाळा तालुक्यातला, आणि यातला बराच माल कंदर, टेंभुर्णीकडचा. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. फुगवट्याच्या काठाला आधी ऊस आला, मग टिश्यूकल्चरची जी-नाइन केळी. करार म्हणावा तर कागद क्वचितच असतो. करारशेतीला राज्याच्या बाजार समिती कायद्यात २००६ पासून जागा आहे. केंद्राचा २०२०चा कायदा पुढच्याच वर्षी मागे घेतला गेला. बांधावर चालतं ते वेगळंच. व्यापारी प्लॉट बघतो, फोनवर भाव ठरतो, थोडा इसार मिळतो. टोळी त्याची, पेट्या त्याच्या. घड उतरवून फण्या तुरटीच्या पाण्यात धुतात. बोटाची लांबी कमी भरली किंवा सालीवर ओरखडा दिसला, की ती फणी 'लोकल'मध्ये जाते आणि तिचा भाव पडतो. कुठली फणी लोकल, हे टोळीच ठरवते. मला खटकतं ते हेच. भाव दोघांनी ठरवलेला, प्रतवारी मात्र एकट्याची.

पहिला घड हाती यायला अकरा-बारा महिने लागतात. तोवर घर चालतं उधारीवर. पूर्वी याच रानात रब्बीला मोहोळच्या संशोधन केंद्रातली मालदांडी ३५-१ असायची. बाजार पडो की चढो, कणगीत वर्षाची ज्वारी असे. आणि कडबा. ज्वारी गेल्याची चर्चा होते, कडब्याची होत नाही. कडबा संपला तेव्हा चारा विकत आला, मग म्हैस विकली, मग घरचं दूध गेलं. आता आई फोनवर केळीचा भाव विचारते आणि त्याच दमात दुकानातल्या ज्वारीचा भाव सांगते. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, पण ते मुख्यतः गहू-तांदूळ.

सौदीनंही धान्य सोडलं होतं. वाळवंटात भूजल उपसून हा देश एके काळी गहू निर्यात करायचा. पाण्याचा हिशेब जुळेना, म्हणून २००८ साली देशी गव्हाची सरकारी खरेदी टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं, २०१६ला ती थांबली. पुढे मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली. शहाणपणाचा निर्णय, माझ्या मते. पण त्यामागे तेलाचा पैसा आहे, आणि याच दम्मामच्या बंदरात गव्हाची सरकारी कोठारं उभी आहेत. कंदरच्या शेतकऱ्याच्या मागे पुढचा घड आहे.

मग दोन एकर ज्वारी ठेवायला काय हरकत? रब्बी ज्वारी ओलीवर येते, उजनीचं पाणी मागत नाही. अडतं काढणीला. ती हातानं उपटायची असते आणि माणसं मिळत नाहीत. पूर्वी काढणीची मजुरी धान्यात असे. भूमिहीन बायका महिनाभर राबून पोत्यांनी ज्वारी घरी नेत. आता त्याच घरांतली पोरं केळीच्या टोळीत आहेत. रोख मिळते, जास्त मिळते, आणि ती दुकानात ज्वारीच्या त्याच भावापुढे उभी राहतात, ज्याची तक्रार माझी आई करते.