कुठपर्यंत येतंय?

इंटरनेटचा जो पांढरा डबा भिंतीला लावून जातात, त्याच्यावरच्या दिव्यांकडे एकदा नीट बघून ठेवा. बहुतेक डब्यांवर चार-पाच दिवे असतात. त्यांतले दोन सगळ्यांत कामाचे. एकापाशी ‘पॉन’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यापाशी ‘एलओएस’. पॉन स्थिर हिरवा असेल, तर फायबरमधून येणारा प्रकाश तुमच्या घरात पोचतोय. एलओएस लाल लुकलुकत असेल, तर पोचत नाहीये. रत्नागिरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ‘ताई, नेट गेलंय’ असा फोन आला की माझा पहिला प्रश्न असतो, लाल दिवा लागलाय का? उत्तर ‘हो’ असेल, तर लॅपटॉप दहा वेळा बंद-चालू करून काही उपयोग नाही. बिघाड वायरीत आहे, कंपनीकडे तक्रार नोंदवायची.

तक्रार करण्याआधी एवढं मात्र बघा. डब्यात शिरणारी ती बारीक वायर कपाटामागे चेपली गेली आहे का, खिळ्याला गुंडाळून ठेवली आहे का? फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार. ती अगदी लहान वळणात वाकवली की आतला प्रकाश वाटेतच बाहेर निसटतो. झाडलोट करताना, दिवाळीची साफसफाई करताना असं हमखास होतं. वायर मोकळी केली की लाल दिवा आपोआप विझलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. वायरीचं टोक काढून त्यात डोळा लावून मात्र कधीच बघू नका. आत इन्फ्रारेड लेसर असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना धोका असतो.

माझं सगळं काम खरं तर एका प्रश्नावर चालतं: कुठपर्यंत येतंय? आमच्याकडे पोफळीच्या बागेत शेवटच्या झाडाला पाणी पोचलं नाही की माणूस विहिरीपासून पाटाच्या कडेकडेनं चालत जातो आणि पाट कुठे फुटलाय ते बघतो. नेटचंही तसंच करायचं. कंपनीपासून डब्यापर्यंत एक टप्पा, डब्यापासून खोलीपर्यंत वायफायचा दुसरा आणि शेवटी तुमचं यंत्र. तिन्ही ठिकाणी एकदम खटपट केली की कशानं बिघडलं आणि कशानं सुधारलं, काहीच कळत नाही.

डब्याच्या मागे एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून दाबायचं बटण असतं. हौसेनं ते दाबू नका. त्यानं डबा नुसता बंद-चालू होत नाही, त्यात कंपनीनं भरलेली सगळी माहिती पुसली जाते आणि मग त्यांचा माणूस येईपर्यंत घर नेटविना. बंद-चालू करायचा तर भिंतीवरचं बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि दिवे स्थिर व्हायला चार-पाच मिनिटं द्या. तेवढाही धीर न धरता पुन्हा बंद करणारे फार.

दुसरा टप्पा वायफायचा. इथे सगळ्यांत मोठा गैरसमज मोबाइलवरच्या वायफायच्या पट्ट्यांचा. पट्ट्या भरलेल्या दिसतात, मग नेट का नाही? कारण त्या पट्ट्या फक्त तुमचा मोबाइल आणि तुमचा राउटर यांच्यातला सिग्नल सांगतात. राउटरच्या पलीकडे काय चाललंय याची त्यांना खबर नसते. म्हणून मोबाइल घेऊन थेट राउटरपाशी उभं राहा, मोबाइल डेटा बंद करा (हे विसरू नका, नाहीतर चाचणी फुकट जाते) आणि एखादी बातम्यांची साइट उघडा. तिथे उघडली आणि माडीवर उघडली नाही, तर दोष अंतराचा आणि भिंतींचा.

कोकणात भिंतींचं हे दुखणं मोठं आहे. जांभ्याच्या जुन्या घरांतल्या दीड-दीड फुटांच्या भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात आणि वायफायही अडवतात. राउटर बसवायला आलेला माणूस वायर जिथून आत आली तिथेच, म्हणजे पडवीत, डबा लावून मोकळा होतो. आजी बसतात माजघरात, नातवाचा व्हिडिओ कॉल येतो तोही तिथेच. नव्या राउटरला दोन पट्टे असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा वेग जास्त, पण भिंतीपुढे तो लवकर हरतो. २.४ हळू चालतो, पण लांब जातो. नावं वेगळी ठेवलेली असतील तर आतल्या खोलीत मुद्दाम २.४ चं नाव निवडा. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे ओव्हन सुरू असताना स्वयंपाकघराजवळचं वायफाय अडखळलं तर नवल नाही. भिंत फारच जाड असेल तर महागड्या राउटरच्या मागे लागू नका. साधी लॅन केबल आतल्या खोलीपर्यंत ओढा आणि तिथे दुसरा साधा राउटर लावा. ही केबल १०० मीटरपर्यंत खुशाल चालते. माझ्या मते जुन्या घरांसाठी याहून भरवशाचा उपाय नाही.

मोबाइलवर चालतंय आणि कॉम्प्युटरवर नाही, म्हणजे आपण शेवटच्या टप्प्याशी आलो. लॅपटॉपवर आधी विमानाचं चित्र असलेली कळ चुकून दाबली गेलीय का बघा. नसेल, तर वायफायचं नाव ‘फर्गेट’ करून पासवर्ड नव्यानं घाला. कॉम्प्युटरला मिळालेला पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर राउटरनं त्याला पत्ता दिलेलाच नाही, असं समजा.

पावसकडच्या एका निवृत्त गुरुजींच्या घरचा डेस्कटॉप मला या बाबतीत नेहमी आठवतो. दिवे सगळे हिरवे, मोबाइलवर नेट सुरळीत, पण कॉम्प्युटरवर बँकेची साइट उघडायला गेलं की कनेक्शन सुरक्षित नसल्याचा लाल इशारा. ‘अगं, व्हायरस तर नाही ना शिरला?’ गुरुजींचा जीव खालीवर होत होता, पेन्शनचं खातं त्याच बँकेत. मी म्हटलं, ‘गुरुजी, उजवीकडे खाली कोपऱ्यात तारीख बघा.’ तारीख कित्येक वर्षं मागची होती. प्रत्येक सुरक्षित साइटपाशी एक डिजिटल प्रमाणपत्र असतं आणि ते अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच चालतं. कॉम्प्युटर स्वतःच्या घड्याळाशी ते ताडून बघतो. घड्याळच मागे असेल, तर त्याच्या दृष्टीनं ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. गुरुजींच्या कॉम्प्युटरमधला रुपयाच्या नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपला होता. लाइट गेली तरी घड्याळ चालू राहतं ते या सेलवर. सेल बदलला, तारीख लावली, बँक उघडली. तारीख बरोबर असूनही असा इशारा आला, तर मात्र तो खरा माना आणि पुढे जाऊ नका.

‘कॉम्प्युटर हँग होतो’ ही दुसरी नेहमीची तक्रार. लोक रोज ‘शट डाउन’ करतात आणि समजतात की यंत्र रोज नव्यानं सुरू होतंय. विंडोज ८ पासून तसं राहिलेलं नाही. पुन्हा लवकर सुरू व्हावं म्हणून बंद होताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलतं. कालची गुंतवळही त्याच्याबरोबर येते. म्हणून अडलं की ‘रीस्टार्ट’ करा, त्यात सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. तरीही यंत्र रखडत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या खाली कायम १०० टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवून घ्या. जुन्या यंत्रावर खर्च करायचा तर पहिला याच्यावर. एवढं ध्यानात घ्या की विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

पावसाळ्यात माझ्याकडे डेस्कटॉपची रांग लागते. स्क्रीन काळी, पंखा फिरतोय, आतून लांब बीप. दमट हवेनं रॅमच्या सोनेरी टोकांवर थर बसतो. वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, लोखंडी कॅबिनेटला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. मग रॅमची पट्टी काढून टोकं पांढऱ्या खोडरबरानं हलकेच घासा, चुरा झटका आणि खट्ट आवाज येईपर्यंत परत बसवा. वळवाच्या पावसात आकाश गडगडू लागलं की राउटरचा प्लग काढून ठेवा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण अ‍ॅडाप्टरमधून येते.

मराठी घरांतलं एक दुखणं इंग्रजी मार्गदर्शिकेत सापडणार नाही. कुळाचा वृत्तांत, मंडळाचा जुना अहवाल, वडिलांनी टाइप करून घेतलेली आत्मकथा. फाइल उघडावी तर पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. माणसं घाबरून म्हणतात, फाइल खराब झाली. ती खराब झालेली नसते. श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर बसवलेली असत. फॉन्ट नाही, की खालचं इंग्रजी उघडं पडतं. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर घाला, मजकूर जसाच्या तसा परत येतो. पण तिथेच थांबू नका. कन्व्हर्टरनं तो युनिकोडमध्ये आणा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा आणि एक पीडीएफही करून ठेवा. घरोघर असे कागद पडून आहेत, आणि ज्यांना त्यांचा फॉन्ट कोणता ते ठाऊक आहे, ती माणसं थकत चालली आहेत. हे काम यंदाच करा, असं मी प्रत्येकाला सांगते.

आता जे सांगते त्याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. काही बिघडलं की लोक गुगलवर हेल्पलाइनचा नंबर शोधतात आणि समोर दिसेल तो फिरवतात. तो नंबर चोराचा असू शकतो. पलीकडचा गोड बोलतो, मोबाइलवर एक अ‍ॅप घ्यायला लावतो आणि त्यातून तुमची स्क्रीन बघतो, ओटीपीसकट. कधी कॉम्प्युटरवरच भोंगा वाजतो, पूर्ण स्क्रीनभर ‘तुमचं यंत्र लॉक झालंय, या नंबरवर फोन करा’. ती नुसती एक वेबसाइट असते. एस्केप दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. मायक्रोसॉफ्ट अशा इशाऱ्यात फोन नंबर देत नाही. कुणाला स्क्रीन दाखवून बसलाच असाल, तर आधी नेट तोडा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि लगेच १९३० फिरवा. हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी क्रमांक आहे. लाजेपोटी दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते.

कंपनीचा खरा नंबर बिलावर असतो. मी गिऱ्हाइकाच्या घरून निघताना राउटरच्या बाजूला एक कागद चिकटवते. त्यावर मोठ्या अक्षरांत ग्राहक क्रमांक, बिलावरचा तक्रारीचा नंबर आणि १९३०. चष्मा न लावता वाचता येतो ना, तेवढं आजींकडून वाचून घेते.