पाषाण झालेला नॉटिलस

मादागास्करच्या वायव्येस महाजंगाच्या परिसरांत सुमारें ११ कोटि वर्षांपूर्वींचे नॉटिलसचे पाषाणरूप शंख सांपडतात. शंख मधोमध कापून घांसला, कीं आंतील दालनें उघडीं पडतात: कोठें गाळ, तर कोठें कॅल्साइटाचे लखलखीत स्फटिक. संग्राहकांना मोह पडतो तो याचाच. प्राणी वाढे तसतसा तो पुढें सरके व मागें पडदा घालून दालन बंद करी. पडद्यांतून गेलेली नळी दालनांतील पाणी शोषून घेई व शंख हलका होई.

घेणाऱ्यानें झळाळीपेक्षां हे पडदे पाहावे. महाराष्ट्रीय देवघरांतील शाळिग्राम बहुधा ॲमोनाइट, म्हणजे नॉटिलसच्या नात्यांतलाच. परंतु त्याच्या पडद्यांच्या कडा नक्षीदार असून नळी बाहेरच्या कांठानें जाते. नॉटिलसच्या कडा साध्या वळणाच्या व नळी सहसा मधून. ६.६ कोटि वर्षांपूर्वींच्या संहारांत ॲमोनाइट नामशेष झाले, नॉटिलस वांचला. परंतु शंखासाठीं जिवंत नॉटिलसची इतकी शिकार झाली, कीं २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण घालावें लागलें. हा प्राणी प्रौढ होण्यासच दहापंधरा वर्षें जातात, आणि मग त्याचें एक अंडें फुटण्यास जवळजवळ वर्ष लागतें.