ध्वनिवर्धकातील पर्यायी व्हॉल्व्हची निवड : एक विवेचन

निर्वात नलिका, म्हणजेच रूढ भाषेत व्हॉल्व्ह, विंचूरसारख्या (ता. निफाड, जि. नाशिक) गावी दूरच्या विक्रेत्याकडून केवळ नावावरून मागवावा लागतो. म्हणून ते नाव वाचता येणे अगत्याचे ठरते. युरोपीय पद्धतीतील ‘ईएल ८४’ या नावात ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, ‘एल’ म्हणजे शक्तिवर्धक पेंटोड आणि ८ म्हणजे नऊ पिनांचे सॉकेट होय. हा व्हॉल्व्ह भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एकेकाळी बनविला. अमेरिकन ‘६बीक्यू५’ तो हाच.

मात्र सॉकेटमध्ये बसतो तो चालतोच, हा समज महागात पडतो. ‘ईएल ३४’ व ‘६एल६’ दोन्ही आठ पिनांच्या एकाच सॉकेटमध्ये बसतात; परंतु पहिल्याच्या हीटरला १.५ अँपिअर, तर दुसऱ्याच्या ०.९ अँपिअर प्रवाह लागतो. साहजिकच ६एल६ साठी बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरवर ईएल ३४ चा भार जड होतो. व्हॉल्व्ह नवा मिळतो. जळालेला जुना ट्रान्सफॉर्मर मात्र पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो, आणि तसे कारागीर आता विरळा.

पुश-पुल रचनेत समान प्रवाहाची जोडी घ्यावी व बायस नव्याने जुळवावा. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात. ते रेझिस्टरद्वारे उतरवून, मीटरने तपासल्याखेरीज आत हात घालू नये.