करप्याची सात गुणसूत्रे

श्रावण उतरणीला लागतो, तेव्हा कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली खाचरे हिरवीगार झालेली असतात. हळवा भात पोटरीवर आलेला असतो, गरव्याला अजून अवकाश असतो. उल्हासच्या खोऱ्यात काय किंवा पाताळगंगेच्या काठाला काय, हवा एकच: दिवसभर ढगाळ, मधूनच भुरभुर पाऊस, रात्री गारवा आणि सकाळी उशिरापर्यंत ओली राहिलेली पाने. नेमक्या याच दिवसांत पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसू लागतात. दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. बांधावरून बघणारा शेतकरी एकच शब्द उच्चारतो, करपा.

रोग तिथेच थांबला तर नुकसान आटोक्यात राहते. पण तो लोंबीच्या देठाशी पोहोचला, तर लोंबी मान टाकते. यालाच मानमोडी म्हणतात. दाणा भरत नाही आणि हाती पळंज येते. पानाच्या कडेने पिवळट पट्टा उतरत जाणारा ‘कडा करपा’ मात्र वेगळा. तो जिवाणूंमुळे होतो. डोळ्यासारखे ठिपके पाडणारा करपा हा बुरशीचा रोग आहे. या बुरशीचे शास्त्रीय नाव मॅग्नापोर्थे ओरायझी. जगभरात ती दरवर्षी सुमारे ६ कोटी लोकांना पुरेल इतका भात फस्त करते, असा अंदाज आहे.

शेतकऱ्याला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. करप्याला दाद न देणारे म्हणून घेतलेले वाण काही हंगामांनी करप्याला बळी का पडते? बियाण्यात भेसळ झाली असेल, वाण ‘थकले’ असेल, अशी कारणे सांगितली जातात. बरेचदा वाण होते तसेच असते. बदललेली असते ती बुरशी, आणि हा बदल तिच्या गुणसूत्रांत घडलेला असतो.

ही तंतुमय बुरशी आहे. धाग्यांसारख्या पेशींनी ती पानात पसरते आणि बीजाणूंनी एका पानावरून दुसऱ्यावर जाते. एका ठिपक्यातून एका रात्रीत दोन ते सहा हजार बीजाणू सुटू शकतात. बीजाणू तीन पेशींचा, आकाराने लांबट आणि एका टोकाला निमुळता. ओल्या पानावर पडताच तो टोकाकडच्या चिकट द्रवाने घट्ट धरून बसतो. काही तासांत त्यातून बारीक नळी फुटते आणि तिच्या टोकाशी घुमटाच्या आकाराची गाठ तयार होते. तिला अॅप्रेसोरियम म्हणतात. गाठीच्या भिंतीला मेलॅनिनचा थर असतो. माणसाचे केस काळे करणारे द्रव्यही मेलॅनिनच. आत ग्लिसरॉल साठत जाते, पाणी ओढले जाते आणि दाब वाढत वाढत ८० वातावरणांपर्यंत जातो. समुद्रात ८०० मीटर खोलीवर एवढा दाब असतो. त्या दाबाच्या जोरावर गाठीखालचा सूक्ष्म खिळा पानाची साल भेदून आत शिरतो.

या वेळी बीजाणूच्या केंद्रकाचे वागणे पाहण्यासारखे असते. नळीत एका केंद्रकाचे विभाजन होते. दोन भावंडांपैकी एक गाठीत जाते, दुसरे बीजाणूत परतते. त्यानंतर बीजाणूच्या तिन्ही पेशी स्वतःला मोडून टाकतात आणि त्यांतला ऐवज गाठीच्या कामी येतो. हे आत्मविसर्जन रोखले, तर बुरशी पानात शिरूच शकत नाही, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पानावरचा तो संपूर्ण डोळा गाठीत गेलेल्या एका केंद्रकाच्या वंशातून उभा राहिलेला असतो.

त्या केंद्रकात सात मुख्य गुणसूत्रे असतात. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या आणि भातात १२ जोड्या असतात. बुरशीत जोडी नसते, प्रत्येकाची एकच प्रत असते. आपल्यात एक जनुक बिघडले, तर पुष्कळदा दुसरी प्रत काम निभावते. बुरशीला ती सोय नाही. जनुकात झालेला बदल लगेच गुणात उतरतो, मग तो घातक असो वा फायद्याचा. हजारो बीजाणूंपैकी एखाद्याचाच बदल फायद्याचा ठरला, तरी पुढच्या हंगामाला तेवढा पुरतो.

बुरशीची गुणसूत्रे इतकी लहान असतात, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजणेही कठीण. १९४४ साली आनुवंशशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक स्टॅनफर्डला गेल्या आणि पावावर येणाऱ्या नारिंगी न्यूरोस्पोरा बुरशीची गुणसूत्रे त्यांनी मोजली. तीही सातच निघाली. याच न्यूरोस्पोरावर काम करून बीडल आणि टेटम या शास्त्रज्ञांनी १९४१ साली जनुके आणि विकरे यांचे नाते दाखवले होते. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत दुर्गादास कसबेकर यांनी तिच्या आनुवंशिकतेवर अनेक वर्षे संशोधन केले. मॅक्लिंटॉक यांना १९८३ साली नोबेल मिळाले, ते मात्र मक्यातल्या उड्या मारणाऱ्या जनुकांच्या शोधासाठी. गुणसूत्रावर एका जागेवरून दुसरीकडे जाऊन बसणारे हे तुकडे करप्याच्या बुरशीतही मुबलक आहेत, आणि वाण फसण्याचे एक मोठे कारण तेच आहेत.

भाताच्या प्रतिकारक वाणात असे जनुक असते, की ते बुरशीचे एखादे विशिष्ट प्रथिन ओळखते. ओळख पटली की पानाच्या त्या भागातल्या पेशी मरतात आणि बुरशी तिथेच कोंडली जाते. यजमानाचे एक जनुक आणि रोगकारकाचे एक जनुक, अशी ही जोडी असते. अमेरिकेत जवसाच्या तांबेरा रोगावर काम करताना एच. एच. फ्लोर यांनी १९४०च्या दशकात ती मांडली. आता बुरशीने ते प्रथिन बनवणेच सोडले तर? भाताला ती ओळखू येत नाही. एव्हीआर-पिटा हे बुरशीचे असेच एक जनुक, आणि ते तिसऱ्या गुणसूत्राच्या अगदी टोकाशी आहे. कापडाचे धागे काठाला आधी सुटतात, तसे गुणसूत्राच्या टोकाचे तुकडे सहज गळतात. कधी उडी मारणारा तुकडा नेमका त्या जनुकात घुसतो आणि ते निकामी करतो. एवढ्याने पिटा हे प्रतिकारक जनुक असलेला भात उघडा पडतो.

सात मुख्य गुणसूत्रांखेरीज या बुरशीच्या काही वंशांत छोटी जादा गुणसूत्रेही सापडतात. त्यांच्याविना बुरशी जगू शकते. पण रोगाशी संबंधित जनुके त्यांच्यावर वसतात आणि तिथून मुख्य गुणसूत्रांच्या टोकांवर येजा करतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इटलीतल्या भातावरच्या करप्यात असे एक छोटे गुणसूत्र मिळाले. ते रान नाचणीच्या गवतावर राहणाऱ्या वंशातून अलीकडेच आले असल्याचे पुरावे त्यात आहेत. एरवी हे दोन वंश एकमेकांच्या यजमानाच्या वाटेला सहसा जात नाहीत. शेतात या बुरशीची नर-मादी पद्धतीची वीण क्वचितच होते. तरीही आख्खे गुणसूत्र एका वंशातून दुसऱ्यात जाऊ शकते. कर्जतच्या वरकस जमिनीवर नाचणी आणि खाली खाचरात भात, हे दृश्य जुनेच आहे. बांधावरच्या गवताकडे रोगाच्या दृष्टीने पाहण्याचे कारण मात्र नवे आहे.

कर्जतला भात संशोधनाचे केंद्र १९१९ सालापासून आहे. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र आहे. कर्जत-३, कर्जत-७ यांसारखी वाणे आणि १९९८चा ‘सह्याद्री’ हा संकरित भात इथलाच. पैदासकाराला उत्पन्न, दाणा, कालावधी यांच्यासोबत रोगही पाहावा लागतो, आणि रोग एका जागी थांबत नाही. २००५ साली करप्याच्या बुरशीचा सुमारे ४ कोटी डीएनए-अक्षरांचा जनुकसंच ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी त्याच नियतकालिकात भाताचाही. भाताच्या प्रकल्पात भारताच्या वाट्याला अकराव्या गुणसूत्राचा एक भाग होता. भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळे केलेले पीआय-५४ हे प्रतिकारक जनुक याच अकराव्या गुणसूत्रावर आहे. बासमतीच्या काही नव्या वाणांत आता पीआय-२ आणि पीआय-५४ ही दोन्ही जनुके एकत्र घातली आहेत. दोघांना चुकवायचे तर बुरशीला एकाच वेळी दोन बदल करावे लागतात, आणि ते फार दुर्मिळ.

वाणापलीकडचे उपायही कोकणाला माहीत आहेत. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री लागवडीत गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची काळी राख घालतात. राखेतल्या सिलिकाने रोपाची पाने कणखर होतात आणि करप्याचा जोर कमी होतो. उलट युरियाचा मारा झालेला हिरवाकंच, लुसलुशीत भात करप्याला आयता सापडतो. ट्रायसायक्लाझोल हे औषध बुरशीला मेलॅनिन बनवू देत नाही, म्हणून गाठीत दाब टिकत नाही. पण युरोपीय संघाने २०१७ साली तांदळातल्या त्याच्या अंशाची मर्यादा इतकी खाली आणली, की बासमतीची निर्यात अडचणीत आली. सगळी भिस्त फवारणीवर ठेवणे परवडणारे नाही.

म्हणून कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्यांनी सगळी खाचरे एकाच वाणाने भरू नयेत. निदान दोन वाणे लावावीत, पेरणीआधी बियाणे मिठाच्या पाण्यातून काढून हलके दाणे फेकावेत, युरिया हप्त्याहप्त्याने द्यावा. आजवर निरोगी राहिलेल्या वाणावर डोळ्यासारखे ठिपके दिसले, तर ती पाने कागदात गुंडाळून कृषी सहायकाकडे किंवा कर्जतच्या केंद्रात पोहोचवावीत. बुरशीने कोणते जनुक टाकले, हे त्या पानावरूनच कळू शकते, आणि पुढच्या वाणात कोणते प्रतिकारक जनुक घालायचे हे त्यावर ठरते.