पोटात फुटलेली शीर

रक्तवाहिनी फुटली म्हटले की आठवतो तो मेंदूतला रक्तस्राव. धमनीत रक्त दाबाने धावते, ती फुटली तर नवल नाही. शिरेत दाब अगदी कमी. तरीही ओटीपोटातली मोठी शीर, कसलाही मार लागलेला नसताना, आपोआप फुटू शकते. प्रकार दुर्मीळ, पण जिवावर बेतणारा.

रुग्ण बहुधा मध्यमवयीन किंवा वयस्क स्त्री असते आणि बाजू बहुधा डावी. डाव्या पायाचे रक्त वर नेणारी शीर मणक्यासमोरून जाते आणि तिच्यावरून उजव्या पायाची धमनी आडवी उतरते. ठोके देणारी धमनी पुढे, हाड मागे. मधल्या मधे शीर चेपते. मे आणि थर्नर यांनी १९५७ मध्ये ४३० मृतदेहांच्या तपासणीचा अहवाल दिला. त्यांतल्या २२ टक्क्यांमध्ये नेमक्या याच जागी शिरेच्या आत जाड पडदे होते. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर त्रास होत नाही. पण तिथे गुठळी अडकली की खालचा दाब वाढतो, शिरेची भिंत सुजते. मग जोराचा खोकला, शौचाला कुंथणे किंवा नुसते वाकणेही पुरते.

डावा पाय सुजलेला, पोटात किंवा कमरेत अचानक कळ, पाठोपाठ घेरी आणि घाम. हे मुतखड्याचे किंवा लचकेचे दुखणे समजून घरी थांबू नये. चंदगड किंवा गगनबावड्याहून कोल्हापूरच्या सीपीआरला पोहोचेपर्यंत बराच वेळ जातो. १०८ ला लगेच फोन करावा. निदान सीटी स्कॅनवर होते.

पोट लगेच उघडायचे का, हा खरा पेच. आतड्यांमागे साचलेले रक्तच फुटलेल्या जागेवर दाब देत असते. पोट उघडले की तो दाब सुटतो आणि रक्त उसळते. म्हणून बीपी स्थिर असेल तर काही रुग्णांना नुसते देखरेखीखाली ठेवतात, काहींना जांघेतून तार घालून आवरण असलेला स्टेंट बसवतात. बीपी कोसळत असेल तर मात्र शस्त्रक्रियेला पर्याय नसतो. शिरेची भिंत इतकी पातळ की चिमटा लावला तरी फाटते. त्यामुळे आधी दोन्ही बाजूंना बोळ्याने दाबून धरायचे, मग बारीक टाके घालायचे. जागा दिसतच नसेल तर वरची धमनी कापून बाजूला घेतात आणि शेवटी पुन्हा जोडतात.

टाके पडले तरी पायातली गुठळी शिल्लक असू शकते. तिला रक्त पातळ करणारे औषध लागते आणि ताज्या टाक्यांना तेच घातक. ते कधी सुरू करायचे, हे प्रत्येक रुग्णाचे पाहूनच ठरते.